हद्द कोणाची? शेरीफ आणि शहर पोलीस : सिलिकॉन व्हॅलीत नव्याने आलेल्यांसाठी

कुपर्टिनोत राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, तेव्हा बॉलिंजर रोडच्या कडेला उभ्या केलेल्या माझ्या गाडीचा आरसा कोणीतरी उडवून पसार झाले. कुपर्टिनोत पोलिसांचे काम शेरीफ पाहतात एवढे ऐकून माहीत होते, म्हणून त्यांच्या कार्यालयाचा बिगर-तातडीचा क्रमांक शोधून मी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी नाव विचारण्याआधीच एक प्रश्न केला : गाडी रस्त्याच्या उत्तरेकडच्या कडेला होती की दक्षिणेकडच्या? गाडी दक्षिणेला होती, आणि त्या टप्प्यात दक्षिणेची कड सॅन होजे शहरात मोडत असल्यामुळे तक्रार सॅन होजे पोलिसांकडे नोंदवायची होती. समोरच्या फुटपाथला लावली असती तर तीच तक्रार शेरीफकडे गेली असती. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे वाक्य ऐकायला सातासमुद्रापार कशाला यायला हवे होते, असे तेव्हा मनात आले. मात्र बाईंनी टोलवाटोलवी न करता योग्य क्रमांक दिला आणि काम दहा मिनिटांत झाले.

त्या दिवसापासून हा विषय मी नीट समजून घेतला. येथे सांता क्लारा काउंटीचे उदाहरण घेतले आहे (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा; कुपर्टिनो आणि सॅन होजे दोन्ही याच काउंटीत येतात), कारण एकाच काउंटीत इतक्या निरनिराळ्या व्यवस्था क्वचितच पाहायला मिळतात आणि मराठी कुटुंबांची वस्तीही या भागात मोठी आहे.

आधी डोक्यातले महाराष्ट्राचे चित्र बाजूला ठेवावे

आपल्याकडे शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षक असतात, तेव्हा शहर पोलीस म्हणजे आयुक्तालय आणि शेरीफ म्हणजे ग्रामीणचे अधीक्षक, अशी सांगड घालण्याचा मोह होतो. ती काही अंशी बरोबर असली तरी मुळात फसवी आहे. आयुक्त आणि अधीक्षक हे दोघेही राज्याच्या गृह खात्याचे अधिकारी असतात, एकाच पोलीस दलातले असतात आणि त्यांची बदली एकमेकांच्या जागी होऊ शकते. येथे सॅन होजेचे पोलीस हे सॅन होजे शहराचे नोकर आहेत. त्यांच्या प्रमुखाची, म्हणजे चीफची, नेमणूक शहराच्या प्रशासनातून होते. शेरीफ मात्र काउंटीच्या मतदारांनी थेट निवडून दिलेला असतो, आणि प्रत्येक काउंटीला निवडून आलेला शेरीफ असलाच पाहिजे असे कॅलिफोर्नियाची राज्यघटनाच सांगते. त्यामुळे शेरीफ चीफचा वरिष्ठ नसतो आणि चीफ शेरीफचा कनिष्ठ नसतो. ‘वरच्या साहेबांकडे’ जाण्याची आपली सवय येथे उपयोगी पडत नाही, कारण या दोघांत वर-खाली असे काही नाही.

मुंबईकरांना शेरीफ हा शब्द ‘नगरपाल’ म्हणून ऐकून माहीत असतो. ते पद वर्षभराचे आणि मानाचे. पण त्या कार्यालयाकडे उच्च न्यायालयाची समन्स बजावण्याचे आणि जप्तीचे कामही असते, ही बाजू फारशी कोणाला ठाऊक नसते. इंग्लंडमधल्या ‘शायर’ म्हणजे परगण्याचा ‘रीव्ह’ म्हणजे राजाचा कारभारी, यावरून हा शब्द आला. आपल्या जुन्या मामलतदारासारखा तो वसुली, बंदोबस्त आणि कोर्टाची कामे असे सगळे पाहत असे. अमेरिकेतल्या शेरीफकडे आजही कोर्ट आणि तुरुंग ही दोन कामे का आहेत, याचे उत्तर याच वंशावळीत आहे.

पायरी पहिली : आपले घर कोणाच्या हद्दीत आहे ते पाहावे

पाकिटावर लिहिलेल्या शहराच्या नावावर विसंबू नये. टपाल खात्याचे पत्ते टपालाच्या सोयीने ठरतात आणि त्यांचा पोलिसांच्या हद्दीशी संबंध नसतो. पत्त्यात ‘कुपर्टिनो’ असलेली काही घरे प्रत्यक्षात सॅन होजे शहरात आहेत, तर काही कोणत्याच शहरात नाहीत. याच्या उलट गंमत शाळांची आहे : मुले कुपर्टिनोच्या शाळा-जिल्ह्यात जातात म्हणून आपण कुपर्टिनोत राहतो असे समजणारी अनेक कुटुंबे पश्चिम सॅन होजेत राहतात आणि त्यांच्या दाराशी येणारी गाडी सॅन होजे पोलिसांची असते.

‘कोणत्याच शहरात नाहीत’ हे वाक्य नव्या माणसाला चमत्कारिक वाटते. काउंटीची जी जमीन कोणत्याही शहराने आपल्यात सामावून घेतलेली नाही, तिला अनइन्कॉर्पोरेटेड म्हणतात. सांताक्रूझच्या बाजूचे डोंगर तसे आहेत हे समजू शकते, पण सॅन होजेच्या ऐन वस्तीतही अशी बेटे शिल्लक आहेत, जिथे रस्त्याची एक बाजू शहराची आणि दुसरी काउंटीची असते. अशा जमिनीवर पोलिसाचे मूळ काम शेरीफचे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा बहुतेक परिसर याच प्रकारात मोडतो. तिथले विद्यापीठाचे अधिकारी शेरीफने दिलेल्या अधिकारानेच काम करतात.

शहरांचे तीन प्रकार लक्षात ठेवले म्हणजे पुरते. सॅन होजे, सांता क्लारा, माउंटन व्ह्यू, पालो आल्टो, मिल्पिटस यांची स्वतःची पोलीस दले आहेत. सनीव्हेलचेही स्वतःचे दल आहे, पण ते वेगळ्या घाटाचे : १९५० पासून तिथे पोलीस आणि अग्निशमन एकाच खात्यात असून तेच अधिकारी दोन्ही कामांत तयार केले जातात, म्हणून आज गस्तीवर दिसलेला माणूस पुढे कधीतरी बंबावर दिसू शकतो. तिसरा प्रकार कुपर्टिनो, सॅराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्स यांचा. ही रीतसर शहरे आहेत, त्यांना स्वतःचे नगरमंडळ आहे, पण स्वतंत्र पोलीस दल उभारण्याऐवजी ती काउंटीला ठरावीक रक्कम देऊन करारावर शेरीफची सेवा घेतात. (मॉन्टे सेरेनो हे छोटे गाव अशाच करारावर शेजारच्या लॉस गॅटोसचे पोलीस वापरते.) म्हणून ‘शेरीफ म्हणजे खेड्यापाड्यांचा पोलीस’ ही समजूत कुपर्टिनोत पहिल्याच दिवशी खोटी ठरते.

आपले घर कुठे मोडते हे पाहण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे काउंटीच्या मूल्यांकन कार्यालयाच्या संकेतस्थळावर पत्ता घालून पाहणे. भाड्याने राहणाऱ्यांनी घरमालकाला मालमत्ताकराच्या बिलाबद्दल विचारले तरी चालते. एकदा कळले की त्या दलाचा बिगर-तातडीचा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावा, आणि कामाच्या ठिकाणाचे शहर वेगळे असेल तर तिथलाही.

पायरी दुसरी : तक्रार घराप्रमाणे नव्हे, घटनेच्या जागेप्रमाणे करावी

आपण राहतो कुठे याला महत्त्व नसते. घडले कुठे याला असते. भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्को पाहायला जावे, गाडीची काच फोडून मागच्या सीटवरची पिशवी पळवली जावी आणि पिशवीत पासपोर्ट असावेत, हा प्रसंग या भागात अनेकांनी अनुभवला आहे. घाबरलेले कुटुंब बहुधा घरी परतते आणि मग आपल्या शहरातल्या पोलिसांकडे जाते. पण नोंद सॅन फ्रान्सिस्को पोलिसांकडे व्हायला हवी, आणि ती तिथे असतानाच किंवा त्यांच्या ऑनलाइन सोयीने करता येते. भारतीय वकिलातीकडे नव्या पासपोर्टसाठी अर्ज करताना पोलीस रिपोर्ट मागितला जातो, म्हणून रिपोर्टमध्ये पासपोर्टचा उल्लेख आणि क्रमांक आला आहे ना, हे पाहूनच पुढे जावे. आपल्याकडे कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणाऱ्या ‘झिरो एफआयआर’सारखा हक्क येथे गृहीत धरू नये, काही दले सौजन्य म्हणून दुसऱ्या हद्दीतली नोंद घेतात, काही घेत नाहीत.

सॅन फ्रान्सिस्को हे शहरही आहे आणि काउंटीही, त्यामुळे तिथे शेरीफ आणि पोलीस दोघेही एकाच जमिनीवर आहेत. गस्त, चोऱ्या, तपास पोलिसांकडे. तुरुंग आणि कोर्टाचा बंदोबस्त शेरीफकडे. काच फुटल्याची तक्रार तिथल्या शेरीफकडे नेऊन उपयोग नाही.

रस्त्यावरचा अपघात असेल तर तिसरा खेळाडू मैदानात येतो : कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल, म्हणजे राज्याचे पोलीस. २८० किंवा १०१ सारख्या फ्रीवेवरचा अपघात त्यांचा, मग तो फ्रीवे कोणत्याही शहरातून जात असो. अनइन्कॉर्पोरेटेड भागातल्या रस्त्यांवरची वाहतूकही तेच पाहतात, शेरीफ नव्हे, आणि ही गोष्ट वर्षानुवर्षे राहिलेल्यांनाही चकवते : डोंगरातल्या घरात चोरी झाली तर शेरीफ, त्याच घरासमोर दोन गाड्या धडकल्या तर हायवे पेट्रोल. अपघात शहराच्या रस्त्यावर झाला तर शहर पोलीस, आणि कुपर्टिनोसारख्या ठिकाणी शेरीफचे डेप्युटी, म्हणजे त्याच्या दलातले पोलीस. रिपोर्टची प्रत ज्यांनी पंचनामा केला त्यांच्याकडूनच मिळते. याशिवाय कोणाला इजा झाली असेल किंवा एखाद्याचे १,००० डॉलरपेक्षा जास्त नुकसान झाले असेल तर दहा दिवसांच्या आत डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याकडे, एसआर-१ हा फॉर्म आपला आपल्याला भरावा लागतो. पोलीस येऊन गेले म्हणून ते काम टळत नाही.

जीवावर बेतले असेल, गुन्हा डोळ्यांसमोर चालू असेल किंवा आग लागली असेल, तर हद्दीचा विचारच करू नये आणि सरळ ९११ लावावा. फक्त एक सवय लावून घ्यावी. मोबाइलवरून केलेला फोन टॉवरप्रमाणे शेजारच्या शहराच्या किंवा हायवे पेट्रोलच्या केंद्रात पोहोचू शकतो, म्हणून पहिले वाक्य ‘काय झाले’ हे नसून ‘मी कुठे आहे’ हे असावे : शहर, रस्ता, जवळचा चौक. फोन दुसऱ्या केंद्राकडे वळवला जात असेल तर तो ठेवू नये. घरी इंग्रजी न बोलणारे आईवडील असतील तर त्यांना शहराचे नाव आणि आपल्या भाषेचे नाव इंग्रजीत सांगता येईल एवढी तालीम द्यावी. दुभाष्याला फोनवर जोडण्याची सोय असते.

पायरी तिसरी : काही कामे सगळ्या काउंटीत शेरीफचीच

गस्तीचा प्रश्न जागेवरून सुटतो, पण काही कामे अशी आहेत की ती सॅन होजेच्या मध्यावर असली तरी शेरीफकडेच जातात. तुरुंग हे त्यातले पहिले. एखाद्याला सनीव्हेलच्या अधिकाऱ्यांनी शुक्रवारी रात्री दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पकडले असे समजू. त्याचे घरचे लोक सनीव्हेलच्या ठाण्यात जाऊन बसतात, पण त्याला नोंदणीसाठी सॅन होजेतल्या काउंटीच्या मुख्य तुरुंगात नेलेले असते आणि तो तुरुंग शेरीफच्या ताब्यात आहे. माणूस कुठे आहे हे शेरीफच्या कैदी-शोध पानावर कळते. ओढून नेलेली गाडी सोडवण्याचा कागद मात्र शेरीफ देत नाही, तो ज्यांनी पकडले त्या सनीव्हेलच्या खात्याकडून मिळतो. परवान्याचा मामला तिसरीकडे, डीएमव्हीत : परवाना निलंबित होण्याविरुद्ध सुनावणी मागायची असेल तर अटकेपासून दहा दिवसांच्या आत मागावी लागते, आणि कोर्टाच्या तारखेची वाट पाहत बसलेल्यांची ही मुदत हमखास हुकते. आरोप ठेवायचे की नाही हे डिस्ट्रिक्ट अॅटर्नी, म्हणजे काउंटीचा सरकारी वकील, ठरवतो, पोलीसही नाही आणि शेरीफही नाही. म्हणजे एका रात्रीची चार कार्यालये. व्हिसावर असलेल्याने यात वकिलाशिवाय एक पाऊलही पुढे टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे काम कोर्टाचे. काउंटीच्या सुपीरियर कोर्टाची सुरक्षा शेरीफकडे असते आणि दिवाणी दाव्यांचे कागद बजावणे, पगारातून किंवा खात्यातून वसुली, भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा हुकूम अमलात आणणे, हेही त्याच कार्यालयातून होते. भाड्याच्या घरात राहणाऱ्या प्रत्येकाने यातले शेवटचे नीट समजून घ्यावे. कॅलिफोर्नियात घरमालक स्वतः कुलूप बदलून, वीज तोडून किंवा सामान बाहेर ठेवून भाडेकरूला काढू शकत नाही. त्याला कोर्टात जाऊन निकाल मिळवावा लागतो, मग शेरीफ दारावर किमान पाच दिवसांची नोटीस लावतो आणि मुदत संपल्यावर डेप्युटी प्रत्यक्ष येऊन ताबा देतो. तेव्हा ‘उद्या पोलिसांना बोलावून बाहेर काढतो’ अशी धमकी कोणी दिली तर ती पोकळ आहे हे ओळखावे. उलट मालकाने बेकायदा कुलूप घातले तर त्याच शहराच्या पोलिसांना आपण बोलवावे. दारावर शेरीफची खरी नोटीस लागली असेल तर मात्र एक दिवसही न दवडता कायदेशीर मदत गाठावी.

घरातील हिंसाचाराच्या बाबतीत दोन्ही यंत्रणा एकाच साखळीत येतात. ९११ लावल्यावर येणारा अधिकारी, मग तो शहराचा असो वा शेरीफचा, रात्री-अपरात्रीही न्यायाधीशाला फोन करून तात्पुरता संरक्षण आदेश मिळवू शकतो. तो आदेश जास्तीत जास्त सात दिवस टिकतो, आणि तेवढ्या अवधीत कोर्टाकडे पुढचा आदेश मागायचा असतो. तो मिळाल्यावर समोरच्यावर बजावण्याचे काम शेरीफ विनाशुल्क करतो. एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे नोकरदार जोडीदाराच्या आधाराने आलेल्या, अनेक स्त्रिया आपला व्हिसा अडचणीत येईल या भीतीने फोनच करत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने शहर पोलीस आणि शेरीफ या दोघांनाही लोकांच्या स्थलांतराच्या दर्जाची विचारपूस करण्यास मनाई केली आहे, हे त्यांच्यापर्यंत पोहोचले पाहिजे.

याशिवाय करारावर घेतलेली कामे असतात. व्हीटीए या काउंटीच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेच्या बस आणि लाइट रेलचा बंदोबस्त शेरीफकडे करारानेच आहे, त्यामुळे सॅन होजेच्या मध्यवर्ती स्थानकावर डेप्युटी दिसला तर तो वाट चुकून आलेला नसतो.

दोघांच्या हद्दी एकमेकींवर कुठे पडतात

शहर हे काउंटीच्याच पोटात असल्यामुळे शहरात घडलेला गुन्हा हा काउंटीतही घडलेलाच असतो, आणि म्हणून शेरीफचा अधिकार शहराच्या वेशीवर संपत नाही. तो शहरात गस्त घालत नाही, कारण त्या कामासाठी शहराने स्वतःचे दल पोसले आहे. ही कामाची वाटणी आहे, अधिकाराची भिंत नव्हे. याउलट शहर पोलिसाचा अधिकार मुळात शहरापुरता, पण राज्याचा कायदा त्याला तीन वाटांनी बाहेर जाऊ देतो : गुन्हा आपल्या शहरात घडला असल्याचा सबळ संशय असेल तर, त्या जागेच्या चीफची किंवा शेरीफची आधीच संमती असेल तर, किंवा डोळ्यांदेखत गुन्हा घडून माणसाला वा मालमत्तेला तात्काळ धोका असेल तर.

व्यवहारात याचा अर्थ साधा आहे. सॅन होजेत सुरू झालेला पाठलाग बॉलिंजर रोड ओलांडून कुपर्टिनोत आला म्हणून थांबत नाही, आणि मोठ्या प्रसंगी तीन रंगांच्या गाड्या एकाच चौकात दिसतात. आपल्याला कोणी थांबवले तर ‘तुमची ही हद्दच नाही’ असा वाद रस्त्यावर घालू नये. गाडीतच बसावे, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत, विचारल्यावरच कागद काढावेत. शेरीफच्या माणसाला ‘डेप्युटी’ आणि शहराच्या माणसाला ‘ऑफिसर’ म्हणतात, पण चुकले तरी कोणी रागावत नाही. वाहतुकीचे तिकीट कोणीही दिले तरी ते काउंटीच्या सुपीरियर कोर्टातच चालते. पार्किंगचे तिकीट मात्र ज्या शहराने दिले त्याच्याकडे भरायचे.

गणेशोत्सवाआधी ढोल-ताशाचा सराव करणाऱ्यांनी हे आधीच जुळवून घ्यावे. बाग शहराची असेल तर परवानगी आणि आवाजाचे नियम शहराचे, काउंटीची असेल तर काउंटीच्या उद्यान खात्याचे. परवान्याची छापील प्रत ढोलाच्या पिशवीत ठेवली तर तक्रारीवरून आलेला डेप्युटी असो वा ऑफिसर, बोलणे दोन मिनिटांत संपते.

‘शेरीफच्या कार्यालयातून बोलतोय’

असा फोन नव्याने आलेल्यांना हमखास येतो. क्रमांकही खऱ्या कार्यालयाचाच दिसतो, कारण तो खोटा दाखवता येतो. तुम्ही ज्युरीच्या कामाला आला नाहीत, वॉरंट निघाले आहे, आता लगेच गिफ्ट कार्डाने किंवा ‘झेल’ (Zelle) या पैसे पाठवण्याच्या सेवेने पैसे भरा, असे सांगितले जाते. शेरीफ किंवा पोलीस फोनवर पैसे घेत नाहीत. शिवाय ज्युरीत फक्त अमेरिकेचे नागरिकच बसू शकतात. व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असलेल्यांनाही कधीकधी टपालाने खरे समन्स येते, तेव्हा ते फेकून न देता ‘नागरिक नाही’ अशी खूण करून परत पाठवावे. संशयास्पद फोन ठेवून आपण साठवलेल्या क्रमांकावर स्वतः विचारणा करावी.

गाऱ्हाणे कोणाविरुद्ध, कोणाकडे

सॅन होजे पोलिसांविषयी तक्रार असेल तर दलाच्या आतल्या विभागाशिवाय शहराने १९९३ पासून नेमलेला स्वतंत्र पोलीस ऑडिटर आहे. शेरीफच्या बाबतीत गोष्ट अवघड, कारण निवडून आलेल्या माणसाला काउंटीचे मंडळ सहजासहजी काढू शकत नाही. २०२२ मध्ये या काउंटीच्या तत्कालीन शेरीफवर शस्त्रपरवान्यांच्या वाटपातील पक्षपाताबद्दल दिवाणी ग्रँड ज्युरीच्या, म्हणजे सरकारी कारभार तपासणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या, आरोपांवरून खटला चालला. निकालाच्या तोंडावर त्यांनी पद सोडले आणि नंतर ज्युरीने त्यांना दोषी ठरवले. कुपर्टिनोच्या रहिवाशांना आणखी एक वाट आहे : करार शहराचा असल्यामुळे नगरमंडळाच्या सभेत उभे राहून गस्तीविषयी बोलता येते, आणि त्यासाठी नागरिक असावे लागत नाही.

दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी

वर लिहिलेले कॅलिफोर्नियाचे आहे. न्यू जर्सीत कोणत्याही शहरात वा टाउनशिपमध्ये न मोडणारी जमीनच नाही. एडिसनमध्ये रोजचे पोलीस टाउनशिपचे आणि काउंटीच्या शेरीफचे काम मुख्यतः कोर्टाभोवतीचे. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत शहर पोलीस आणि शेरीफ यांच्या जोडीला निवडून आलेले आठ कॉन्स्टेबलही आहेत, आणि आपल्याकडच्या शिपायाची आठवण करून देणारा हा शब्द तिथे पदाधिकाऱ्याचा आहे. लास व्हेगासमध्ये शहर पोलीस आणि शेरीफ १९७३ मध्ये एक होऊन त्या दलाचा प्रमुख निवडून आलेला शेरीफच असतो. कनेक्टिकटमध्ये काउंटी शेरीफचे पदच उरलेले नाही. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत तर काउंटीचेच वेगळे पोलीस खाते आहे आणि शेरीफ केवळ तुरुंग, कोर्ट व कागद पाहतो, तेव्हा तिथे आरसा फुटल्याची तक्रार शेरीफकडे नेली तर तेही काउंटी पोलिसांचा क्रमांक हातात ठेवतील.